मुरलेलं आणि नासलेलं

'रोमन लोक सडलेल्या माशांचं पाणी सगळ्या जेवणावर ओतून खायचे, त्यांची नाकंच मेलेली होती. आणि असल्या वासांवर लोक पीएचडी करतात!' हा मजकूर मला या आठवड्यात तिघांनी पाठवला. भूमध्य समुद्राकाठचं खाणं, वास आणि चवी हाच माझ्या पीएचडीचा विषय, म्हणून उत्तर देते.

आधी 'सडलेलं'. या पाण्याला गारुम म्हणत. दहाव्या शतकातल्या 'जिओपोनिका' या बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, ग्रंथात कृती आहे: छोटे मासे भरपूर मिठात घालायचे, दोन-तीन महिने उन्हात ठेवायचे, मधूनमधून काठीनं ढवळायचं. मीठ कुजवणाऱ्या जंतूंना रोखतं आणि माशाच्या आतड्यांतलेच पाचकरस मांस विरघळवतात. गाळून जो रस उरतो त्याची चव ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या घटकामुळे खोल, मांसल लागते. माझी आजी बरणीत बांगडे खारवायची. मिठाचा थर, बांगड्यांचा थर, वर दगड. झाकण उघडून नाक जवळ नेलं की तिला लगेच कळायचं, मुरलंय की नासलंय. आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे आहेत आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

'नाकं मेलेली' हे तर साफ चूक. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं गारुमला 'वाईट माशांचा महागडा पू' म्हटलं, कवी मार्शलनं त्याच्या वासावरून टोमणे मारले. वास त्यांनाही येत होता. पण सेनेकाचा राग चैनीवर आहे, 'महागडा' हा शब्द उगाच नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, उत्तम गारुमच्या दोन काँगियसना, म्हणजे साधारण साडेसहा लिटरना, हजार सेस्टर्स (रोमन नाणी) पडत. त्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार 900 सेस्टर्स होता. तळाचा गाळ, अलेक, मात्र गरिबांच्या ताटातही जायचा.

राहिली पीएचडी. कोण कुणाच्या जेवणाला घाणेरडा वास येतो म्हणतं, हे तपासल्याशिवाय समाज कसा कळणार? सुकट भाजल्यावर शेजारच्यांनी धाडकन लावून घेतलेल्या खिडक्या मी लहानपणी पाहिल्यात. त्यांना विचारलं असतं तर आमच्या घरात सडकं खातात असंच त्यांनी सांगितलं असतं.

म्हणून एकट्या सेनेकावर थांबता येत नाही. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहरात स्कौरस नावाच्या गारुमवाल्याचं घर सापडलंय. त्याच्या दर्शनी दालनात, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पडेल अशा जमिनीवर, गारुमच्या बाटल्यांची मोझेक चित्रं आहेत. एकीवर अक्षरं आहेत: स्कौरसचं, मॅकरेलचं, उत्तम गारुम.