ऐका आणि टाइप करा, त्यात काय एवढं?

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेले रिपोर्ट ऐकून टाइप करण्याच्या कामात, शिरायचं ठरवलंय? उत्तम! हेडफोन चढवायचा, पायाने पेडल दाबायचं आणि कानावर पडेल ते टाइप करायचं, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवा. त्यांनी हे काम कधी केलेलं नसतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्ष असतं.

डॉक्टर जेवता जेवता डिक्टेट करत असतील तर करू द्या. घास आणि औषधाचं नाव एकदमच तोंडात असेल तर फाइल मागे घ्या, पुन्हा ऐका. दहाव्यांदाही घासच ऐकू येईल.

शब्दांचं फार मनावर घेऊ नका. हायपोटेन्शन की हायपरटेन्शन? रक्तदाब कमी की जास्त, एवढाच तर प्रश्न. इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि इलियम म्हणजे कमरेचं हाडही; उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं, आणि डॉक्टर स्पेलिंग सांगायला बांधील नाहीत. डोस ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे जांभईत विरलं असेल तर नाणं उडवा. रिपोर्टच्या सुरुवातीला डावा गुडघा आणि शेवटी उजवा निघाला तर घाबरू नका, पेशंटला दोन्ही असतात.

नियम म्हणतो, ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडा, अंदाज करू नका. जरूर सोडा. मग रिपोर्ट तपासून मार्क देणारे क्वालिटीवाले विचारतील, ‘तुमच्याच फाइलमध्ये इतके ब्लँक का?’ त्यापेक्षा ठोकून द्या काहीतरी. पेशंटचं काय व्हायचं ते होईल, रिपोर्ट तरी भरलेला दिसेल.

पैसे ओळीवर. बऱ्याच ठिकाणी स्पेससकट ६५ कॅरेक्टर्स म्हणजे एक ओळ. एक अनोळखी औषध शोधण्यात अर्धा तास गेला तर त्या अर्ध्या तासाची कमाई त्या नावाच्या लांबीइतकी. म्हणून लांब नावाची औषधं देणारे डॉक्टर मिळोत, अशी प्रार्थना करा. (स्टॅट, म्हणजे तातडीची, फाइल शिफ्ट संपता संपताच येते. त्यावर प्रार्थनाही चालत नाही.)

आता तर टाइपही करावं लागत नाही. सॉफ्टवेअर ऐकून लिहितं, तुम्ही फक्त तपासायचं. ‘फक्त’ असल्याने दरही कमी. सॉफ्टवेअर सहसा ब्लँक सोडत नाही. जांभईचंही ते बिनदिक्कत औषध करतं. तुम्ही तीच फाइल शब्दाशब्दाला थांबून, पहिल्यापासून ऐकायची. त्यातून एखादी चूक निसटलीच तर मार्क कापायला सॉफ्टवेअरला नाव नसतं, तुम्हाला असतं.