म्हातारपण थांबवणारी गोळी आणि डीएनएची दुरुस्ती

"म्हातारपण म्हणजे डीएनएची झीज. आर्क्टिकमधला देवमासा 200 वर्षे जगतो, कारण तो ही झीज भरून काढतो. एनएमएनची गोळी माणसात तेच काम करते. ती नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही." या आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरतो आहे. एनएमएन म्हणजे निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड, पूरक म्हणून विकला जाणारा एक पदार्थ. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेने तो वाचून गोळ्या मागवल्या. मधुमेहाच्या औषधांशेजारी ठेवलेली ती बाटली पाहिल्यावर या चारही विधानांना उत्तर द्यायलाच हवे असे वाटले.

पहिले विधान अर्धे खरे आहे. डब्ल्यूआरएन हे दुरुस्तीशी निगडित जनुक निकामी झाले की वर्नर सिंड्रोम हा अकाली म्हातारपणाचा आजार होतो. रुग्णाचे केस विशीतच पिकू लागतात, तिशीच्या आसपास मोतीबिंदू होतो आणि बहुतेकांचे आयुष्य पन्नाशीच्या मागेपुढे संपते. परंतु डीएनएला झालेली इजा आणि उत्परिवर्तन, म्हणजे त्याच्या अक्षरांत झालेला कायमचा बदल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुटलेला धागा पेशीला जाणवतो. ती विभाजन थांबवते किंवा मरते. चुकीचे बसलेले अक्षर मात्र जाणवत नाही, ते तसेच पुढे नकलले जाते. पीओएलई आणि पीओएलडी1 या, डीएनएची नक्कल करण्याशी निगडित जनुकांतील जन्मजात दोषामुळे काही माणसांच्या पेशींत उत्परिवर्तने कितीतरी अधिक साठतात, त्यांना कर्करोगही अधिक होतो. तरीही ही माणसे अकाली म्हातारी झालेली दिसत नाहीत, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

देवमाशाचे वय अतिशयोक्त नाही. बोहेड जातीच्या एका नराचे वय 200 हून अधिक असावे, असा अंदाज डोळ्याच्या भिंगातील, वयाबरोबर बदलत जाणाऱ्या अस्पार्टिक आम्लावरून 1999 मध्ये मांडला गेला. पण 'दुरुस्ती' हे एकच काम नव्हे. कृंतकांच्या, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, 18 जातींची तुलना केली तेव्हा डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर ते सांधण्याची क्षमता आयुर्मानाशी जुळली. अतिनील किरणांची इजा कापून काढण्याची क्षमता जुळली नाही. हत्तीची वाट तर वेगळीच आहे. त्याच्याकडे टीपी53 या, इजा झालेल्या पेशीला थांबवणाऱ्या किंवा मारणाऱ्या जनुकाच्या सुमारे 20 प्रती आहेत, आणि त्याच्या इजा झालेल्या पेशी दुरुस्तीत वेळ न घालवता सहज मरतात.

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा मोठ्या आतड्यातला आहे. तिथल्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि एका खळग्यातील साऱ्या पेशी एकाच मूलपेशीच्या वंशज असतात. त्यामुळे एका खळग्याचा डीएनए वाचला की एका पेशीचा आयुष्यभराचा हिशेब हाती येतो. इंग्लंडमधील वेलकम सँगर इन्स्टिट्यूटने 2022 मध्ये 16 सस्तन प्राण्यांचा असा हिशेब मांडला. उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे 800 उत्परिवर्तने होतात, माणसाच्या पेशीत सुमारे 47. हा आकडा दाव्याच्या बाजूचा आहे, हे मान्य करतो. मात्र हा फरक उत्क्रांतीने लाखो वर्षांत दोन जातींमध्ये घडवलेला आहे; एकाच माणसात तो गोळीने घडतो, हे त्यातून निघत नाही.

एनएमएनपासून शरीरात एनएडी हे पेशींना ऊर्जानिर्मितीसाठी लागणारे द्रव्य तयार होते, दुरुस्ती करणारी काही प्रथिने ते वापरतात आणि गोळीने रक्तातील एनएडी वाढते, इथवर सारे बरोबर आहे. पण तेल भरपूर आहे म्हणून दिव्याची वात मोठी होत नाही. एनएडी वाढवणाऱ्याच दुसऱ्या एका पदार्थाची, निकोटिनामाइड रायबोसाइडची, अमेरिकेतील इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅमने उंदरांवर चाचणी घेतली. उंदरांचे आयुष्य वाढले नाही. माणसाचे आयुष्य एनएमएनने वाढल्याचे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही.

उरला 'नैसर्गिक'चा मुद्दा. गाजरातले बीटा-कॅरोटिनही नैसर्गिकच आहे आणि तेही पेशींची इजा टाळेल या आशेनेच फिनलंडमधील चाचणीत दिले गेले. त्या चाचणीत 29,133 धूम्रपान करणारे पुरुष होते; 1994 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. एनएमएननेही तसेच होईल, असे मी म्हणत नाही. परंतु दुरुस्तीचा आधार कर्करोगाची पेशीही घेते, आणि ओलापारिबसारखे औषध तर काही कर्करोगांत तो आधार काढून घेण्यासाठीच दिले जाते.