ड्राउझी म्हणजे झोपाळू नव्हे हो

परवा आईने सर्दीसाठी सेट्रिझिनची 10 मिलिग्रॅमची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेतली आणि 11 वाजता मेथी निवडता निवडता पेंगायला लागली, काडी हातात तशीच, मान छातीवर. पाकिटावर बारीक इंग्लिश अक्षरात ड्राउझिनेस येऊ शकतो असं होतं, पण ते वाचतंय कोण! फोनमधे ड्राउझीचा अर्थ बघितला तर उत्तर काय, ‘झोपाळू’.

अरे झोपाळू हा स्वभाव झाला. रविवारी 10 वाजेपर्यंत पांघरूण न सोडणारा आमचा भाचा झोपाळू. गोळीने येते ती पेंग, फार तर डोळ्यांवर झापड. आणि स्लीपी म्हणाल तर रात्री जांभया यायला लागल्या की आपण म्हणतो ना ‘झोप येतेय’, तेवढंच. आईची रात्रीची झोप छान झाली होती तरी ती पेंगत होती कारण मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामिनच या गोळ्या अडवतात, सीपीएम म्हणजे क्लोरफेनिरामिन, या सर्दीच्या जुन्या गोळीने तर जास्तच पेंग येते, सेट्रिझिनने त्यापेक्षा कमी, फेक्सोफेनाडिनने अगदीच कमी. पेंग हा शब्द आपल्या घराघरात आहे, गोळीच्या पाकिटावर मात्र तो कुणाला सुचत नाही, याचा मला खरंच राग येतो.

बरं, हे निदान मेथीवर निभावलं. दोन वर्षांपूर्वी बाबा ॲडमिट असताना रात्री ड्युटीवरचा डॉक्टर मला म्हणाला, ‘पेशंट थोडा ड्राउझी आहे’. मी लगेच घरी फोन करून सांगितलं, काळजी करू नका, बाबा निवांत झोपलेत. आणि खुर्चीत स्वतःच एक डुलकी काढली!! सकाळी कळलं की बाबांच्या रक्तातलं सोडियम 118 वर आलं होतं, नॉर्मल 135 ते 145 असतं. वॉर्डातल्या भाषेत ड्राउझी म्हणजे शुद्ध कमी झालीय, हाक मारली तर डोळे उघडतो, हं म्हणतो, परत आत जातो. याला आपल्याकडे ग्लानी म्हणतात, आणि ‘ग्लानी आलीय’ असं कुणी बोललं असतं तर मी खुर्चीत टेकलो असतो का? डॉक्टर चुकला नाही, त्याचा शब्द बरोबरच होता, फक्त माझ्या कानात तो झोप होऊन शिरला. सोडियम हळूहळूच वाढवावं लागतं म्हणे, एकदम वाढलं तर मेंदूला धोका, त्यामुळे दोन दिवस जीव टांगणीला. बाबा आता ठणठणीत आहेत. पण तेव्हापासून ड्राउझी ऐकलं की मी आधी विचारतो, हाक मारल्यावर उठतात का, आणि उठले तर नीट बोलतात का.

आईची गोळी आता रात्री जेवणानंतर. पाकिटावर मी स्केचपेनने मोठ्या अक्षरात ‘पेंग येते’ लिहून ठेवलंय. तिने त्याखाली लिहिलंय, ‘मेथी निवडू नये’.