रेकॉर्डिंगला पन्नास वॅटचा ट्यूब ॲम्प लागत नाही

गिटारवाल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सांगली-मिरजेतून तो तासगाव-विट्यापर्यंत पोचलाय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: "घरच्या स्टुडिओत प्रोफेशनल गिटार रेकॉर्ड करायची असेल तर किमान पन्नास वॅटचा ट्यूब ॲम्प आणि बारा इंची स्पीकर हवाच. सॉलिड-स्टेट ॲम्प आणि सॉफ्टवेअर ही शिकाऊ पोरांची खेळणी. बजेटचा मोठा हिस्सा ॲम्पवर घाला, माइक आणि खोली नंतर बघता येते. पैसे कमी पडत असतील तर बाहेरच्या देशातून जुना ट्यूब ॲम्प मागवा." (ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. ट्यूब ॲम्पमध्ये ते काम काचेच्या व्हॉल्व्ह नळ्या करतात, सॉलिड-स्टेटमध्ये ट्रान्झिस्टर.)

सांगलीच्या विश्रामबागेत माझी रेकॉर्डिंगची छोटी खोली आहे. हा मजकूर वाचून हप्त्यावर ॲम्प उचलायला निघालेली मुलं माझ्याकडे येतात. कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत पाळ्या करून पैसे साठवलेले असतात, कुणी वडिलांच्या द्राक्षाच्या पट्टीतून मागून घेतलेले. त्या पैशांची चाड आहे म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

आधी वॅटचं. किमान पन्नास, असं मजकूर सांगतो. का, ते सांगत नाही. ॲम्पची ताकद ज्या पटीत वाढते त्या पटीत आवाज वाढत नाही. डेसिबल हे आवाजाचं माप; ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलनं चढतो आणि दहापट केली की १० डेसिबलनं. १० डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठा ऐकू येतो, दहापट नाही. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा गिटारचा नावाजलेला स्पीकर घ्या. एका वॅटला, एका मीटरवर तो १०० डेसिबल देतो. ५ वॅटला १०७ झाले. माइक तर मीटरभर लांबही नसतो, स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन बोटांवर असतो. त्याला पाच वॅट पुरून उरतात.

पन्नास वॅटचा ॲम्प घरात नुसता जास्तीचा ठरत नाही, तो अडचणच करतो. ट्यूब ॲम्पचा जो भरलेला, किंचित फाटलेला आवाज लोकांना हवा असतो, त्यातला बराचसा भाग पॉवर ट्यूबा, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्यूबा, ताणल्या जातात तेव्हा येतो. पन्नास वॅटच्या ॲम्पमध्ये त्या ताणायला व्हॉल्यूम इतका चढवावा लागतो की अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खाली येतात. मग मुलगा नॉब एकवर ठेवून वाजवतो, आणि ज्यासाठी पैसे मोजले तो आवाज त्या ॲम्पमधून कधी निघतच नाही. हाच ताण एक ते पाच वॅटच्या ट्यूब ॲम्पमध्ये कितीतरी कमी आवाजात मिळतो. मार्शल आणि ब्लॅकस्टारनं एक वॅटचे ट्यूब ॲम्प काढले ते यासाठीच. (पाच वॅटही बंद खोलीत कमी नसतात बरं, रात्री दहानंतर तेही नको.) लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्या रेकॉर्डवर त्यांचा गिटारिस्ट जिमी पेजनं वाजवलेला ॲम्प सुप्रो कंपनीचा एक लहानसा ॲम्प होता. त्या गिटारी ऐकताना तो लहान आहे असं कुणाला वाटत नाही.

मोठ्या वॅटचा उपयोग कुठे, तेही सांगतो. जिवंत ड्रमसमोर एकदम स्वच्छ, न फाटणारा आवाज हवा असेल तर ताकद लागते. पण आपल्याकडच्या घरगुती खोल्यांमध्ये ड्रम बहुतेक कॉम्प्युटरवर लावलेले असतात आणि गिटारवाला हेडफोन घालून एकटा वाजवतो. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर उभं राहायचं असेल तो प्रश्न वेगळा, आणि तिथेही साउंडवाला ॲम्पला माइक लावतोच.

बारा इंची स्पीकरचा हट्ट दोन ओळींत संपतो. जुन्या फेंडर चॅम्पमध्ये आठ इंची एकच स्पीकर आणि जेमतेम पाच वॅट असायचे, आणि तो ॲम्प स्टुडिओंमध्ये आवडीनं वापरला गेलाय. लहान स्पीकरात खर्ज कमी आणि मधला आवाज पुढे येतो. गाण्यात खर्ज बास गिटार सांभाळते, त्यामुळे मिक्समध्ये हे बऱ्याचदा सोयीचंच पडतं.

आता "सॉलिड-स्टेट म्हणजे खेळणं". रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ पासूनचा ॲम्प. त्यात एकही ट्यूब नाही, आणि स्वच्छ गिटारसाठी जगभरच्या स्टुडिओंत तो आजही मागितला जातो. बोस्टन बँडचा गिटारिस्ट टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला इंजिनिअर. त्यानं १९८२ मध्ये रॉकमन नावाचा, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल एवढा हेडफोन ॲम्प बाजारात आणला. ट्यूब नाही, स्पीकर नाही, सेलवर चालणारा. डेफ लेपर्ड या रॉक बँडच्या १९८७ च्या अल्बमवरच्या गिटारी बऱ्याच अंशी त्यातूनच गेल्या आहेत. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये बीटल्सनी ॲम्प बाजूला ठेवून गिटार थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, घातली होती आणि कन्सोलच फाटेपर्यंत चढवला होता. शिक या डिस्को बँडचा गिटारिस्ट नाइल रॉजर्स, त्याची ती सुप्रसिद्ध ऱ्हिदम गिटारही कित्येक वेळा सरळ कन्सोलमध्येच जोडलेली असायची.

ट्यूबचं वैशिष्ट्य मी नाकारत नाही. तार छेडायचं पिक हलकं लावलं की आवाज साफ राहतो, जोरात लावलं की तो दाटतो; गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की पुन्हा स्वच्छ होतो. हे बोटांना जाणवतं, वाजवणाऱ्याला त्यातून हुरूप येतो, आणि मला स्वतःला ते मनापासून आवडतं. पण हे वाजवण्याचं सुख झालं. ते सुख म्हणजे रेकॉर्डिंगची अट नव्हे, आणि बजेट आखताना या दोन गोष्टी वेगळ्या धराव्याच लागतात.

सॉफ्टवेअरबद्दलचा गैरसमज कुठून आला ते मला चांगलं माहीत आहे. मुलगा गिटार इंटरफेसला (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) जोडतो, फुकटचं ॲम्प सिम्युलेटर, म्हणजे ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, लावतो आणि कानात खरखर, टोचरा आवाज येतो. तो म्हणतो, सॉफ्टवेअर बोगस. खरी गोष्ट अशी की त्यानं नुसतं ॲम्पचं डोकं लावलेलं असतं, स्पीकर लावलेलाच नसतो. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर सोडत नाही. फाटलेल्या आवाजातली सगळी वरची कचकच तो गाळून टाकतो. ही गाळणी सॉफ्टवेअरमध्ये आयआर नावाच्या छोट्या फाइलनं येते: खऱ्या कॅबिनेटसमोर (स्पीकरच्या पेटीसमोर) खरा माइक ठेवून त्यांचा घेतलेला ठसा. ती फाइल लावली की तोच आवाज एकदम ओळखीचा होतो. खोलीत आलेल्या मुलांना मी हे बटण चालू-बंद करून ऐकवतो. त्यानंतर वाद फारसा उरत नाही.

न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. खऱ्या ॲम्पचं वागणं शिकून घेतलेल्या फाइली त्यात चालतात, आणि अशा फाइली लोकांनी ढिगानं फुकट वाटल्या आहेत. अटी दोनच. इंटरफेसवर गिटारसाठीचं इन्स्ट्रुमेंट इनपुट असावं, नाहीतर पिकअपचा (गिटारवर तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबक-गुंडाळीचा) आवाज बोथट होतो. आणि बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी ठेवता यावा: ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूनं जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा उशीर, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडा जास्त, तरीही बोटांना सहसा न खुपणारा.

"माइक आणि खोली नंतर बघता येते." सगळ्या मजकुरात सर्वात जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या खोल्या कशा असतात? दहा बाय दहा, वर स्लॅब, खाली शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल, चारी भिंती सिमेंटच्या, एक खिडकी, एक लोखंडी कपाट. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की त्यांच्यामध्ये ५६-५७ हर्ट्झला आवाजाची एक लाट उभी राहते आणि तिच्या दुप्पट, ११३ च्या आसपास, दुसरी. गिटारची पाचवी, म्हणजे ए ची तार मोकळी वाजते ११० हर्ट्झला. त्यामुळे अशा खोलीत ए चा सूर लावला की तो घुमतो, आणि शेजारचा सूर त्यामानानं पातळ येतो. मुलगा ॲम्पचे नॉब फिरवत बसतो, मग ॲम्प बदलायचा विचार करतो. लाख रुपयांचा ॲम्प आणला तरी ती लाट तिथेच उभी राहणार, कारण ती भिंतींची आहे.

यावर उपाय स्वस्त आहेत. ॲम्प फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, खर्जाचा गोळा लगेच कमी होतो. कोपऱ्यातून बाहेर काढा. भिंतीला समांतर न ठेवता जरा तिरका करा. मागे आणि बाजूला गाद्या उभ्या करा, दोरीवर गोधड्या टाका. गोधडी त्या खालच्या लाटेला हात लावू शकत नाही, पण वरची टाळीसारखी परतणारी गुंज ती चांगली शोषते. आणि माइक स्पीकरजवळ असला की खोलीचा वाटा आपोआप कमी होतो.

माइकची जागा हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. स्पीकरच्या मधोमध जी गोल टोपी असते तिच्यासमोर माइक धरला की आवाज उजळ, धारदार. टोपीची कड आणि कागदी कोन जिथे भेटतात तिथे सरकवला की धार मोडते, अंग भरतं. आणखी बाहेर, कोनाच्या कडेकडे गेलात की आवाज गडद होत जातो. एक दिशेनं ऐकणारा माइक जाळीला जवळ नेला की खर्ज वाढतो, चार बोटं मागे घेतला की उतरतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला विचारा: भोपळा तोच, लाकूड तेच, तारा त्याच, पण घोडीवर कानस एक हात जास्त फिरली की तंबोरा वेगळा बोलतो. स्पीकरसमोर अर्ध्या इंचाचं काम असंच आहे. जाळीतून टोपी दिसत नसेल तर मोबाइलची बॅटरी आत मारा, दिसते. एकजण वाजवत असताना दुसऱ्यानं हेडफोन घालून माइक हळूहळू सरकवावा, आणि पटली ती जागा जाळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करून ठेवावी.

यासाठी महागडा कंडेन्सर माइक लागत नाही. शुअरचा एसएम ५७ हा डायनॅमिक माइक १९६५ पासून गिटार ॲम्पसमोर उभा आहे, छोट्या खोलीतही आणि मोठ्या स्टुडिओतही. त्याच्या नकली प्रती बाजारात फार आहेत, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. निम्म्या भावात दिसला तर तिथून निघा.

हिशेब मी असा मांडतो. हातात ४०,००० असतील तर पहिल्यांदा इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला इंटरफेस आणि बंद कपांचा चांगला हेडफोन. मग माइक, वजनदार स्टँड आणि नीट केबल. एवढ्यावर फुकटच्या सॉफ्टवेअरनं काम सुरू होतं. उरलेल्यात ॲम्प, आणि माझ्या मते तो एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ नये. ताकद अर्ध्या वॅटपर्यंत उतरवता येणारा बॉसचा कटाना ५० सारखा ॲम्प, किंवा कमी वॅटचा सेकंडहँड ट्यूब ॲम्प. बॉसचा ॲम्प यूएसबीनं थेट कॉम्प्युटरलाही जोडता येतो. ॲम्प माइकनं घेताना त्याच वेळी गिटारचा कोरडा, म्हणजे ॲम्पमधून न गेलेला, सिग्नलही दुसऱ्या ट्रॅकवर उतरवून ठेवा. वाजवणं छान झालं आणि आवाज आवडला नाही, असं झालं तर तो कोरडा ट्रॅक नंतर दुसऱ्या ॲम्पमधून किंवा सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढता येतो.

राहिला परदेशी जुन्या ॲम्पचा सल्ला. अमेरिकेतला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत २३० येतात. सरळ लावला तर फ्यूज उडाला हे नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही पुरेशा क्षमतेचा. शिवाय नुसत्या ६० हर्ट्झसाठी बेतलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. काही ॲम्पना मागे व्होल्टेज बदलायची सोय असते, ती आहे का ते विकत घेण्याआधी विचारा. वर ट्यूबा झिजलेल्या असतात, कपॅसिटर सुकलेले असतात, आणि ही कामं जाणणारा माणूस प्रत्येक गावात सापडत नाही. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला ट्यूबची सवय नसेल तर त्याच्यासाठीही ते धोक्याचं आहे: आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात.

ज्यांनी असा ॲम्प आधीच घेतला आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. स्पीकर किंवा योग्य लोड (स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद झेलणारं उपकरण) जोडल्याशिवाय ट्यूब ॲम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि रेकॉर्डिंगमध्ये घूं आवाज येतो म्हणून प्लगची आर्थिंगची पिन काढू नका. हा उपाय सर्रास सांगितला जातो आणि त्यानं जीव जाऊ शकतो, कारण ॲम्पची बॉडी तारांवाटे थेट तुमच्या बोटांना जोडलेली असते. आधी ॲम्प, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्या, चोकची जुनी ट्यूबलाइट आणि पंख्याचा डिमर बंद करा, सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची) गिटार असेल तर जागेवरच जरा वळून बसून बघा. तरीही घूं राहिली तर वायरमनला बोलावून घराचं आर्थिंग तपासून घ्या.