संपादकाची निवड हवीच

एकाच विषयाला वाहिलेल्या मासिकांची गरज आता उरलेली नाही, हे एका लेखात वाचलेले मत मला पटत नाही. १९८६ मध्ये ब्रिटनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने ‘सी८६’ ही २२ गाण्यांची कॅसेट काढली आणि छोट्या लेबलांवरील (म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांचे) अनेक बँड वाचकांपर्यंत पोहोचवले. असे धाडस शिफारशी करणाऱ्या संगणकीय प्रणालीकडून होत नाही, कारण ती बहुधा आपण आधी ऐकलेल्याच्याच आसपास घुटमळते. १९९६ मध्ये सुरू झालेले ‘टेप ऑप’ हे नियतकालिक तर केवळ रेकॉर्डिंगविषयी आहे. त्यातील ध्वनिमुद्रकांच्या प्रदीर्घ मुलाखती (माझ्या मते हीच त्याची खरी ताकद) घरच्या खोलीत पहिला अल्बम करणाऱ्या हौशी कलाकारालाही व्यावसायिकाइतक्याच उपयोगी पडतात.