अप्रेंटिसवाला तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी

"सरकारी बांधकामाच्या टेंडरमध्ये अप्रेंटिस ठेवणाऱ्या ठेकेदाराला मार्क द्या म्हणणारे पोरांच्या जिवावर उठलेत" असा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, आणि आयटीआयमधून वायरमन होऊन निघालेला माझा भाचा म्हणतो, मामा मी नाही जात अप्रेंटिसला, काही झालं तर एक रुपया भेटत नाही म्हणे. डोकंच फिरलं माझं.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. मेसेजमध्ये त्याचं कलम १८ टाकलंय, अप्रेंटिस हा कामगार नाही. बरोबर आहे, तसंच लिहिलंय. पण दोनच कलमं मागे जा ना बाप्पा, १६ वाचा, शिकताना अपघातात इजा झाली तर भरपाई मालकानेच द्यायची, कामगाराला लागू असलेल्या भरपाई कायद्याप्रमाणे. आणि करार रजिस्टर झालेला असतो, म्हणजे पोरगं त्या साइटवर होतं याचा कागद असतो. सकाळी मजुरांच्या ठिय्यावरून उचलून नेलेल्या पोराकडे काय असतं? अर्धं कलम दाखवून पोरांना घाबरवायचं काऊन?

मेसेजमध्ये पुढे "कच्ची पोरं पूल बांधतील", हे तर काहीही. ३० किंवा जास्त माणसं असली तर अप्रेंटिस ठेवणं आजही बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, त्याच्या वर नाही. मी साइटवर सुपरवायझर आहे, कॉलमच्या सळईला बांधतात त्या रिंगचा हुक १३५ डिग्रीत आत वळवायचा असतो, तो ९० वर सोडून दिलेला मी कितीदा सोडवून परत करून घेतलाय, अन् करणारे सगळे जुने हात, त्यांना कोणी कधी शिकवलंच नाही.

खर्चाचं म्हणाल तर एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी बोलीच्या नादात अंदाजपत्रकापेक्षा वीस-वीस टक्के बिलो भरणारा ठेकेदार शिकवण्यात वेळ घालवेल का? म्हणून तर मार्क. शिवाय स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० पर्यंत, केंद्र देतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात दहा लाख डॉलरच्या वरच्या बऱ्याच सरकारी कामांत १५ टक्के मजुरीचे तास अप्रेंटिसचे लागतात.

एक मान्य करतो, काही ठेकेदार अप्रेंटिसच्या नावाखाली पोरांकडून नुसती घमेली उचलून घेतात, आणि नंतर नोकरी द्यायचं बंधनही नसतं. मग कोणत्या ट्रेडला ठेवलं ते करारावर तपासून मार्क द्या, नाही शिकवलं तर बिलातून कापा.

भाच्याला कलम १६ चा फोटो पाठवलाय. सोमवारी दोघं जाऊन आधी करार बघणार आहोत.