सीबीटी म्हणजे मुलाला विहिरीत ढकलणं?

मुलांच्या भीतीवरच्या सीबीटीबद्दल (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं सरावाने बदलण्याचा मानसोपचार) मी लिहिलं, त्यावर तुमचा आक्षेप असा: घाबरणाऱ्या मुलाला मुद्दाम त्याच भीतीसमोर उभं करणं म्हणजे तुमच्या काकांनी तुम्हाला विहिरीत ढकललं तसंच, त्यापेक्षा मायेने जवळ घ्या, वय वाढलं की भीती जाते, समुपदेशकांचं दुकान हवं कशाला?

अंधाराची, बागुलबुवाची भीती जातेच. तिच्यासाठी कुणाकडे जायची गरज नाही. मी लिहिलं ते रोज सकाळी पोट दुखणाऱ्या, सगळ्या तपासण्या नॉर्मल येणाऱ्या आणि तरी महिनोन्‌महिने शाळा बुडणाऱ्या मुलांबद्दल. त्यांच्या घरी माया कमी नसते हो! आई वर्गाबाहेर बसते, बाबा मुलाच्या वतीने बोलतात. टाळलं की मुलाला लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळी ते पुन्हा टाळतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी तर मुलाला बाजूला ठेवून फक्त आईवडिलांची ही सवय बदलणारा उपचार बेतला. २०२०च्या १२४ मुलांच्या चाचणीत तो सीबीटीच्या तोडीचा ठरला.

आता विहीर. ढकलणं वेगळं आणि पाठीला भोपळा बांधून एकेक पायरी उतरवणं वेगळं. वर्गात बोलायला घाबरणारी मुलगी आधी मावशीला फोन करते, मग वाण्याकडे स्वतः अर्धा किलो साखर मागते, मग मधल्या सुट्टीत बाईंना शंका विचारते. हात वर करणं सर्वांत शेवटी. पायऱ्या तिच्याशी बोलूनच ठरतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप केंडॉल यांच्या १६ सत्रांच्या ‘कोपिंग कॅट’ या मुलांसाठीच्या सीबीटी कार्यक्रमात पहिली आठेक सत्रं नुसत्या तयारीत जातात.

‘आपोआप जातं’ याबद्दल आकडेच देतो. २००८च्या अमेरिकी चाचणीत चिंतेचा विकार असलेली ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांनी स्पष्ट सुधारणा दिसली ती सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलांत, सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१ आणि औषध नसलेल्या गोळीने २४ टक्के मुलांत. तुमच्या म्हणण्याला जागा आहे ती या २४मध्ये. नुसत्या सीबीटीने ४० टक्के मुलांना पुरेसा गुण आला नाही, हेही त्यातच आहे. अशा वेळी औषधाला नाक मुरडू नये.

फीचा मुद्दा मान्य. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, प्रत्यक्ष सराव करून घेणार का आणि कधीपासून? नुसत्या गप्पा आणि दीर्घ श्वासच असतील, तर तिथे तुमचा ‘दुकान’ हा शब्द खुशाल वापरा.